प्रथमदर्शनी पिंपळशेंडे

आमच्या पिंपळशेंडे साहेबांच्या हातात लग्नातला लाडू द्या, ते त्याचे तीन भाग करतात. एक भाग तोंडात, दुसरा शेजारी जेवणाऱ्याच्या ताटात आणि तिसरा रुमालात. शेजाऱ्याला वाटतं, काय प्रेमळ माणूस आहे! आपण साहेबांची प्रयोगशाळा आहोत हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

कारण सरळ आहे. बियाण्याच्या दुकानातून नमुना घेतला की कायद्यानं त्याचे तीन भाग करावे लागतात. एक दुकानदाराला द्यायचा, एक प्रयोगशाळेत पाठवायचा आणि एक सील करून आपल्याकडे ठेवायचा, पुढे वाद झाला तर असावा म्हणून. उभी नोकरी हेच केल्यामुळे साहेबांना कुठलीही वस्तू अख्खी दिसतच नाही. केळं असो, भाकरी असो, पेपर असो. चंद्रपूरच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलात तर पेपरचं मधलं पान तुम्हाला न मागता मिळेल.

मी त्यांच्या हाताखाली कृषी सहायक. राजुऱ्याच्या पुढे तेलंगणाच्या अंगाला, जिथं कापूस संपून धान आणि जंगल सुरू होतं, तिथं आमचं तालुका कृषी अधिकारी कार्यालय आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही. मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. आमच्या कार्यालयाची कामं दोन. शेतकऱ्याला सल्ला देणं आणि बी-खताच्या दुकानांवर लक्ष ठेवणं. सल्ला कोणी मागत नाही. आणि लक्ष ठेवण्याचं म्हणाल तर ते काम दुकानदारच जास्त चोख करतात. आम्ही केव्हा येतो, केव्हा जातो, कोणाच्या घरी हळदीकुंकू आहे, सगळं त्यांना ठाऊक असतं.

साहेब बदली होऊन आले त्या दिवशी मी हार घेऊन उभी होते. त्यांनी हार हातात घेतला, एक फूल चुरगाळलं, वास घेतला आणि म्हणाले, "प्रथमदर्शनी ताजा आहे."

हा त्यांचा शब्द. पंचनाम्यात तो लिहावाच लागतो: प्रथमदर्शनी बियाणे निकृष्ट आढळले, प्रथमदर्शनी साठा जुळत नाही. अंतिम मत प्रयोगशाळेचं. पण साहेबांनी तो पंचनाम्यातून काढून संसारात आणला होता. "येरगुडे मॅडम, प्रथमदर्शनी पाऊस येऊन राह्यला, छत्री घ्या." मी चिंब भिजून परतले तरी ते पाऊस आला असं कबूल करत नसत. कार्यालयात नवीन शिपाई रुजू झाला तेव्हा साहेब त्याला म्हणाले, "प्रथमदर्शनी तू चांगला माणूस दिसतोस." पोरगं दोन दिवस घाबरून होतं.

दिसायला साहेब उभ्या काडीसारखे. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशाला कायम लाखेचा तांबडा डाग, कारण सील करायची लाखेची कांडी, दोरा, काडेपेटी आणि भिंग हा ऐवज ते खिशात घेऊनच फिरायचे. समोरच्या टपरीवर भजी खाताना एकदा त्यांना तेलाचा संशय आला. एक भजं फोडलं, भिंगातून बघितलं आणि टपरीवाल्याला म्हणाले, "विक्री बंद."

"का जी साहेब?"

"पुढील आदेशापर्यंत."

हे काम अन्न विभागाचं आहे, आपलं नाही, असं मी हळूच सांगितलं. साहेब म्हणाले, "अधिकार नाही हे मान्य. पण पोट आपलंच आहे ना?" टपरीवाल्यानं खरंच त्या दिवशी कढईतलं तेल बदललं. आमच्या कार्यालयाच्या आदेशाची तालुक्यात झालेली ती मला आठवणारी एकमेव तातडीची अंमलबजावणी.

नाहीतर आमचं सगळं रीतसर. खरीप तोंडावर आला की नमुने काढायचे, ते प्रयोगशाळेला पाठवायचे आणि वाट बघायची. अहवाल येतो तोवर ते बी पेरलेलं असतं, उगवलेलं असतं किंवा नसतं, आणि बऱ्याचदा पीक घरात येऊन पडलेलं असतं. मग अहवालात लिहिलेलं असतं, 'सदर बियाणे पेरणीयोग्य नाही.' साहेब तो गंभीरपणे वाचायचे, सही करायचे आणि दुकानदाराला नोटीस काढायचे. दुकानदार तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचा की सदर साठा संपलेला आहे.

आणि चोर बीटी! सरकारनं परवानगी न दिलेलं कापसाचं बी. तेलंगणातून ते मोटारसायकलवर येतं, सिमेंटच्या गोणीत येतं, सोयरिकीच्या आहेरात येतं. शिवारात बघाल तर जिकडे तिकडे तेच. आमच्या अहवालात बघाल तर तालुक्यात कुठेही नाही. आता जे कागदावर नाही ते पकडायचं कसं?

पकडायला भरारी पथक होतं. पथकात साहेब, मी आणि ड्रायव्हर बाबाराव. भरारी घ्यायला एक जीप होती, ती धक्का मारल्याशिवाय सुरू होत नसे. एकदा पक्की खबर आली की बाजारातल्या नंदूशेठच्या गोदामात माल उतरला आहे. नंदूशेठ म्हणजे तालुक्यातला सगळ्यात मोठा कृषी केंद्रवाला. गोल, हसरा, कपाळाला टिळा, सगळ्या पक्षांचा खास. साहेबांनी कमालीची गुप्तता पाळली. आम्हालाही कुठं जायचं ते सांगितलं नाही. आम्ही जीपमध्ये बसलो, बाबारावांनी चावी फिरवली, जीप खोकली आणि थांबली. तेवढ्यात रस्त्यानं चार हमाल येत होते. बाबाराव ओरडले, "ए भाऊ, जरा धक्का मारा ना!" त्यांनी मनापासून धक्का मारला. जीप सुरू झाल्यावर त्यातला एक खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, गोदामाकडे जाऊन राह्यले का? कुलूप हाये तिथी. शेठ चंद्रपूरले गेले. आमाले आताच सुट्टी देल्ली."

साहेबांनी तरीही गोदामाचं कुलूप जाऊन बघितलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "प्रथमदर्शनी गळती आहे."

"जीपले?" बाबारावांनी विचारलं.

"जीपलेही."

जिल्ह्याला आमचे मोठे साहेब बसतात. त्यांना शेतीपेक्षा रंगांची आवड जास्त. दर सोमवारी ते पडद्यावर सगळ्या तालुक्यांची बैठक घेतात आणि एक तक्ता दाखवतात. ज्या तालुक्यात कारवाया भरपूर तो हिरवा, मध्यम तो पिवळा, कमी तो लाल. आमचा तालुका कायम लाल. शेजारचा तालुका हिरवागार. तिथले अधिकारी चांगल्या दुकानातून चांगलाच नमुना घेत आणि लेबलवर तारीख पुसट आहे म्हणून कारवाई नोंदवत. पिंपळशेंडे साहेबांना ते जमत नव्हतं. त्यांना खरा चोर पाहिजे होता, आणि खऱ्या चोराकडे जीपला धक्का मारणारे हमाल होते.

"पिंपळशेंडे," मोठे साहेब पडद्यावरून म्हणायचे, "किती दिवस लाल राहणार तुम्ही?"

"सर, प्रयत्न सुरू आहेत."

"प्रयत्नाला तक्त्यात रकाना नाही हो."

आणि एका उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, आमच्या तालुक्याला हिरवं होण्याची संधी चालून आली. नंदूशेठनं स्वतः लेखी तक्रार दिली. हिरडीटोला नावाच्या जंगलातल्या गावात मैनाबाई कोडापे ही महिला विनापरवाना धानाच्या बियाण्याची विक्री करते, त्यामुळे परवानाधारक विक्रेत्यांचं आणि शेतकऱ्यांचं नुकसान होत आहे. खरी गोष्ट अशी की आदल्या वर्षी नंदूशेठकडचं बी त्या भागात फसलं होतं. त्यामुळे आसपासच्या टोल्यांवरचे, म्हणजे वाड्यांवरचे लोक मैनाबाईकडून जुन्या लुचई धानाचं बी नेऊ लागले होते. तक्रारीची एक प्रत जिल्ह्याला गेली. सोमवारच्या बैठकीत मोठे साहेब पहिल्यांदाच आमच्याकडे बघून हसले.

"पिंपळशेंडे, बियाण्याचं रॅकेट आहे तुमच्याकडे! धाड टाका. मी बातमीचा मसुदा करून ठेवतो."

तर आम्ही धाड टाकायला निघालो. जीप त्या दिवशी पहिल्या चावीत सुरू झाली. साहेबांना ते लक्षण आवडलं नसावं.

हिरडीटोल्याला डांबरी रस्ता संपल्यावर बराच वेळ मोहाच्या झाडांतून जावं लागतं. वीस-पंचवीस घरांचं गोंडांचं गाव. आम्ही पोचलो तेव्हा एक ठेंगणी, पाठीत वाकलेली म्हातारी अंगण शेणानं सारवत होती. साहेबांनी जीपमधून उतरून विचारलं, "मैनाबाई कोडापे कुठी राह्यते?"

"मीच तं हाये. इकडून नोका येऊ, वलं हाये. तिकडून फिरून या."

भरारी पथक तिकडून फिरून आत गेलं.

साहेबांनी गावातले दोन पंच बोलावले, त्यांना शेजारी बसवलं, मी कागद काढला. साहेबांनी घसा साफ करून कायद्याचं नाव घेतलं. मैनाबाईनं हात धुतले आणि समोर येऊन बसली.

"बाई, तुम्ही बियाणं विकता का?"

"बियाणं? धान म्हणा ना. देतो मी. जो मांगते त्याले देतो."

"पैसे घेता?"

"पैशाचं काय करू जी? कोणी पायलीभर नेलं तं पीक आल्यावर दीड पायली आणून देते. कोणाचं नाई पिकलं तं नाई देत."

साहेबांचा चेहरा उजळला. "लिहा मॅडम. पैसे घेत नाही."

"कोणी कोंबडी देते," मैनाबाई म्हणाली.

माझा पेन थांबला. साहेबांचा चेहरा पडला. कोंबडी म्हणजे मोबदला, आणि मोबदला आला म्हणजे विक्री आली.

"कोंबडी बियाण्याच्या बदल्यात देते का, तशीच देते?" साहेब पुढे सरकून म्हणाले. "नीट आठवून सांगा बाई. घाई नाई."

"तसं कोण पाह्यते? माणूस येते, त्याच्याकडे कोंबडी रायते, देते. मंग मी त्याले जेवू घालतो."

"तीच कोंबडी?"

"मंग दुसरी कुठून आणू?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मॅडम, मोबदला देणाऱ्यानेच खाल्ला. तिच्याकडे शिल्लक काही नाही. लिहा."

पंचांपैकी एक म्हातारा खो-खो हसायला लागला, त्याला साहेबांनी डोळ्यांनी दाबलं. मग ते घरात गेले. कोपऱ्यात बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली, माणूसभर उंचीची ढोली होती. त्यात बी. साहेबांनी ढोलीतून मूठभर धान काढलं, भिंगाखाली धरलं, दातांखाली एक दाणा फोडला. नियमाप्रमाणे नमुन्याचे तीन भाग केले, तीन पिशव्यांत भरले, दोरा बांधला, काडी पेटवून लाख वितळवली.

मैनाबाई सगळं बघत होती. तिच्या वाट्याची सीलबंद पिशवी तिच्या हातात दिल्यावर ती म्हणाली, "हे काय जी? माह्यंच धान मले देऊन राह्यले?"

"हा तुमचा भाग. सांभाळून ठेवा. उघडायचा नाई."

"मंग पेरू कसा?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नव्हतं. साहेबांनी पुराव्यासाठी फोटो काढायला सांगितला. मी ढोलीशेजारी मैनाबाईला उभं केलं. तिला वाटलं सरकारी फोटो आहे तर चांगला यायला पाहिजे. तिनं पदर सारखा केला आणि तोंडभरून हसली.

परतीच्या वाटेवर साहेब कायद्याची पुस्तिका मांडीवर घेऊन पानं उलटत होते. मोहाच्या झाडांतच त्यांना कलम सापडलं. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखता येतं, देता येतं, बदलता येतं, विकताही येतं. फक्त छापील नाव घालून पिशवीबंद विकता येत नाही. ते एवढे खूश झाले की बाबारावांना जीप थांबवायला लावली. थांबलेली जीप पुन्हा सुरू होईना. आम्ही तिघांनी धक्का मारला, आणि धक्का मारता मारता साहेब म्हणत होते, "मॅडम, ढोलीवर कंपनीचं नाव होतं का? नव्हतं! संपला विषय!"

विषय मात्र संपला नव्हता. मोठ्या साहेबांनी मसुदा आधीच वर्तमानपत्राला पाठवून दिला होता. मी फोटो रोजच्यासारखा जिल्ह्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तो तिथून उचलला गेला. दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'दुर्गम भागात बियाण्याचा मोठा साठा उघड.' खाली ढोलीशेजारी हसणारी मैनाबाई. मोठ्या साहेबांना वाटलं दहशत बसेल. झालं भलतंच. बातमी वाचून लोकांना कळलं की हिरडीटोल्यात लुचईचं चांगलं बी आहे आणि भरपूर आहे. चार-चार गावांचे लोक विचारत विचारत येऊ लागले. एकजण तर आमच्याच कार्यालयात येऊन म्हणाला, "साहेब, त्या बाईचा पत्ता द्या ना. पेपरात फोटो पाह्यला." नंदूशेठ त्या वर्षी पहिल्यांदा न हसता दुकानात बसलेला मी बघितला.

साहेबांनी अहवाल पाठवला: कारवाईयोग्य बाब आढळून आली नाही. लगेच फोन आला. साहेबांनी तो चुकून मोठ्या आवाजावर लावला आणि सगळ्या कार्यालयानं ऐकला.

"पिंपळशेंडे, पेपरात रॅकेट आलंय, आणि तुम्ही लिहिता बाब नाही?"

"सर, मोबदला सिद्ध होत नाही."

"कोंबडी घेते म्हणून तुमच्याच पंचनाम्यात आहे!"

"हो सर. पण ती कोंबडी देणाऱ्यानेच खाल्ली."

मग मोठे साहेब फार हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मला कोंबड्या शिकवू नका. अहवाल बदलून पाठवा." आणि फोन ठेवला.

साहेबांनी अहवाल बदलला नाही. त्याबद्दल काही भाषण केलं नाही की टेबल आपटलं नाही. फक्त त्या दिवशी डबा तसाच परत नेला. पुढच्या सोमवारी तक्त्यात आमचा तालुका लालच होता, पण मोठ्या साहेबांनी आमच्याकडे बघणं सोडून दिलं होतं, आणि ते जास्त वाईट.

पावसाळा लागला आणि साहेबांचा एक नवाच प्रकार सुरू झाला. दर रविवारी सकाळी ते आपली जुनी मोटारसायकल काढून हिरडीटोल्याकडे जात. सरकारी जीप नाही, सोबत कोणी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "फेरतपासणी." आता अहवाल गेल्यावर कसली फेरतपासणी? बाबारावांचं मत होतं की साहेब गुप्तपणे नंदूशेठविरुद्ध पुरावा जमवतात. शिपायाचं मत होतं की म्हातारीला जंगलातली जडीबुटी माहीत आहे. लिपिक म्हणाले, "कोंबडी." नंदूशेठचंही काही मत झालं असणार, कारण थोड्याच दिवसांत जिल्ह्याहून खुलासा मागवणारं पत्र आलं: ज्या व्यक्तीविरुद्ध तक्रार होती तिच्या घरी आपण वारंवार जाता, याचं प्रयोजन काय? साहेबांनी उत्तरात तेच लिहिलं, फेरतपासणी. खालच्या ओळीत 'सुट्टीच्या दिवशी, स्वखर्चाने' एवढी भर घातली.

दिवाळी झाली, धान कापून झालं. एका रविवारी सकाळी मी घरी कपडे भिजवत होते तेव्हा मोठ्या साहेबांचा फोन आला.

"येरगुडे मॅडम, पिंपळशेंडे कुठे आहेत? फोन लागत नाही त्यांचा."

"सर, रविवार आहे. ते…"

"मला माहीत आहे ते कुठे आहेत. त्यांच्या बदलीचा आदेश तुमच्या मोबाईलवर पाठवलाय. तिथं जा, दाखवा, आणि बघितल्याचा मला आजच्या आज निरोप द्या."

मी आदेश उघडला. दुसऱ्या जिल्ह्यात, प्रशिक्षण केंद्रावर. जिथं ना दुकान, ना नमुना, ना पंचनामा. नुसत्या खुर्च्या आणि फळा. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या माणसाला नेऊन ठेवायची जागा. मी कपडे तसेच टाकले, स्कूटी काढली आणि निघाले. वाटभर वाक्यं जुळवत होते. साहेब, एक आदेश आला आहे. साहेब, घाबरू नका. साहेब, प्रशिक्षण केंद्र चांगलं असतं म्हणतात. एकही वाक्य धड जमेना.

हिरडीटोल्यात उन्हं छान पसरली होती. मैनाबाईच्या अंगणात बाज टाकलेली होती आणि तिच्यावर साहेब झोपले होते. अंगात बनियन, शर्ट घडी करून उशाशी, चष्मा शर्टावर, तोंड उघडं. असे गाढ झोपले होते की गालावर माशी बसलेली कळत नव्हती. शेजारी मैनाबाई भाजीसाठी लाखोरीचा पाला निवडत बसली होती. तिनं मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. हळूच विचारलं, "साहेब काय करतात इथं येऊन?"

"झोपते."

"एवढ्या दूर येऊन?"

"पह्यल्यांदा आला तं सांगाले आला होता. म्हणे, बाई, तुमच्या धानाचा माह्या वाट्याचा भाग मी घरी वल्या पोत्यावर टाकला, सगळा उगवला. मी म्हटलं, तू काय घरी बसून पोत्यावर धान उगवत बसतं? बायको नाई का? तं म्हणे, बायको पुण्याले हाये, पोरीच्या लेकरायपाशी. तिकडेच राह्यते आता. पोरीची नोकरी हाये, लेकरं लहान हायेत, इकडे कशी येईन?" तिनं एक पिकलेलं पान बाजूला टाकलं. "म्हणे, घरी पंख्याचाच आवाज येते. झोप नाई येत रातभर. मी म्हटलं, मंग इथी पड. इथी कोंबड्या भांडते, लेकरं रडते, मी बडबड करतो. पडल्या पडल्या झोपला पाह्य."

मी साहेबांकडे बघितलं. आमच्या कार्यालयात हा माणूस खुर्चीवर पाठ टेकून बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तुले काई काम हाये का त्याच्याशी?" तिनं विचारलं. "उठवू?"

"नको. उठले की सांगते."

मी तिच्यासोबत पाला निवडू लागले. ती बोलत होती: तिची सून माहेरी गेली आहे, शेजारणीची बकरी परसात शिरते, यंदा माकडांनी फार त्रास दिला. मोबाईलला रेंज नव्हती, नाहीतर तो दहा वेळा वाजला असता. ऊन सरकलं तशी तिनं उठून बाजेच्या डोक्याकडे एक चादर बांधली, साहेबांच्या तोंडावर सावली आली. त्यांनी कूस बदलली.

बऱ्याच वेळानं ते जागे झाले. मला बघून दचकले, घाईघाईनं शर्ट शोधू लागले. "मॅडम? काय झालं? नमुन्याचा अहवाल आला का?"

मी मोबाईल पुढे केला. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते. साहेबांनी चष्मा लावला, आदेश वाचला. वरून खालपर्यंत, सहीसकट. मग पुन्हा वाचला. मैनाबाई हातातला पाला धरून त्यांच्याकडे बघत होती.

"दूर पाठवून राह्यले का तुले?" तिनं विचारलं.

"हौ."

"तिथी कोणी हाये का तुह्यं?"

साहेबांनी मान हलवली. मला वाटलं आता ते उठतील, शर्ट घालतील, मोटारसायकल काढतील. त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"मॅडम, रुजू व्हायला मुदत आहे ना?"

"आहे साहेब. आठवडाभर आहे."

"मग आज घाई नाही," ते म्हणाले. चष्मा काढून पुन्हा शर्टावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "पडतो थोडा."

मैनाबाई उठली, बाजेखाली चोच मारणाऱ्या कोंबड्यांना तिनं हातानंच हाकललं आणि पुन्हा येऊन बसली. आता मात्र ती बोलत नव्हती. अंगणात सगळं शांत झालं. थोड्या वेळानं बाजेवरून, पाठ आमच्याकडे तशीच ठेवून, साहेबांचा आवाज आला.

"मावशे, बोल ना काई. बोलत राह्य."